'रिमेंबर' म्हणजे नक्की काय? आठवणे, लक्षात ठेवणे की अजून काही?

माजघर

मुलगी आठवीत आहे, सेमी इंग्रजी. परवा चाचणीचा पेपर घरी आला. प्रश्न होता, 'दाराला कुलूप लावल्याचं मला आठवतं' याचं इंग्रजी करा. तिने लिहिलं, 'आय रिमेंबर टू लॉक द डोअर.' त्यावर लाल फुली. बाजूला काही लिहिलेलं नाही, नुसती फुली.

ती मला विचारते, "आई, रिमेंबर म्हणजे आठवणे ना? लॉक म्हणजे कुलूप लावणे ना? मग चुकलं कुठे?" 'लॉकिंग' हवं होतं एवढं मला कळतं, पण का हवं ते सांगता येईना. शेवटी म्हटलं, "इंग्रजीत तसंच असतं गं." तिचा चेहरा पडला. एक मार्क गेल्याचं तिला काही नाही, पण आईकडे उत्तर नाही म्हणून ती हिरमुसली.

ज्यांना माहीत आहे त्यांनी नीट सांगा. तिला समजेल असं.

पेनशाई

सोपं आहे. 'रिमेंबर'च्या पुढे 'टू' आलं तर आठवण आधी आणि काम नंतर. 'आयएनजी' आलं तर काम आधी, आठवण नंतर. 'रिमेंबर टू लॉक' म्हणजे कुलूप लावायचं विसरायचं नाही. 'रिमेंबर लॉकिंग' म्हणजे लावलं होतं ते आता आठवतंय. 'फर्गेट' आणि 'रिग्रेट' यांच्यातही असाच फरक पडतो.

उंबरठा

पेनशाई, नियम कळला. पण आठवीतल्या मुलीला तो उद्या आठवेल का? :)

गवतीचहा

पेनशाईंचा नियम अगदी बरोबर आहे, पण मुलं तो पाठ करतात आणि पेपरात उलटा लिहितात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं, ही चूक दरवर्षी पाहिली. नंतर माझ्या लक्षात आलं की हा फरक मराठीत आधीपासून आहे आणि मुलं तो रोज न चुकता करतात. आपण तो त्यांना दाखवत नाही एवढंच.

फळ्यावर मी दोन वाक्यं लिहायचे.

ती आठवणीने वही आणते.
वही आणल्याचं तिला आठवतं.

मग विचारायचे, "दोन्हीत फरक काय?" मागच्या बाकावरचं पोरही सांगायचं की पहिल्या वाक्यात ती वही विसरत नाही, दुसऱ्यात वही आणून झाली आहे. हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. मग पहिल्या वाक्याखाली 'रिमेंबर टू' आणि दुसऱ्याखाली 'रिमेंबर' अधिक 'आयएनजी' लिहायचं. 'आठवणीने' दिसलं की 'टू'. '-ल्याचं' दिसलं की 'आयएनजी'. वर्गातल्या निम्म्या चुका तिथेच थांबायच्या.

माजघर, तुमच्या मुलीच्या वाक्यात 'लावल्याचं' आहे. तिला तेवढं अक्षर बोटाने दाखवा.

उंबरठा

'आठवणीने'! दिवसातून दहा वेळा म्हणते. आठवणीने डबा घे, आठवणीने फोन कर. आणि 'रिमेंबर टू'ला मराठीत शब्द आहे हे आज पहिल्यांदा जाणवलं.

शुद्धमती

गवतीचहाताई, आदर ठेवून सांगते, मला ही पद्धत पटत नाही. प्रत्येक इंग्रजी वाक्य मराठीच्या फडक्यातून गाळून घ्यायची सवय लागली की मूल आयुष्यभर अडखळत बोलतं. माझ्या मुलांना मी सरळ इंग्रजीत ऐकवलं, वाचायला दिलं. 'डोन्ट यू रिमेंबर मीटिंग हिम?' पन्नास वेळा कानावर पडलं की तोंडात आपोआप तेच येतं.

गवतीचहा

शुद्धमती, ज्या घरात पन्नास वेळा कानावर पडतं तिथे तुमचं बरोबर आहे. माझ्या वर्गातल्या मुलांच्या कानावर इंग्रजी दिवसातून पस्तीस मिनिटं पडायचं, तेही माझ्याच तोंडून. त्यांच्याजवळ मराठी भरपूर होती. जे भरपूर आहे त्यावरच उभं राहायला नको का?

टपालपेटी

सरकारी नोकरीत उभा जन्म गेला, म्हणून 'रिमाइंड'बद्दल लिहितो. आमच्याकडे त्याला रुबाबदार शब्द आहे, स्मरणपत्र. पहिलं स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र, मग 'अंतिम स्मरणपत्र'. अंतिम म्हटल्यावरही अजून एक जातंच.

पण बोलताना हेच लोक, चांगले शिकलेले, 'सर, प्लीज रिमेंबर मी टुमारो' म्हणतात. त्यांना म्हणायचं असतं 'उद्या मला आठवण करा'. मराठीत 'आठव' आणि 'आठवण कर' एकाच घरातले शब्द, म्हणून गल्लत होते. इंग्रजीत स्वतःला आठवतं ते 'रिमेंबर', दुसऱ्याला आठवून द्यायचं ते 'रिमाइंड'.

बोरूवाला

टपालपेटी, एक गंमत सांगतो. तुमच्या सहकाऱ्यांची चूक चारशे वर्षांपूर्वी चूक नव्हती. शेक्सपिअरच्या काळच्या इंग्रजीत 'रिमेंबर'चा एक अर्थ 'आठवण करून देणे' असाही होता. 'मी तुला अमुक गोष्टीची रिमेंबर करून देतो' अशा थाटाची वाक्यं त्याच्या नाटकांत आहेत. पुढे ते काम 'रिमाइंड'कडे गेलं.

त्याहून जुनं म्हणजे चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रज कवीची 'इट रिमेंबरेथ मी' ही रचना. शब्दशः 'ते मला आठवतं'! म्हणजे इंग्रजालाही तेव्हा आठवण 'मला' व्हायची. आज ती 'मी' करतो. आपण अजून 'मला'वरच आहोत.

माजघर

हे वाचून मुलगी जाम खूश झाली. म्हणाली, "म्हणजे मराठीसारखं इंग्रजीपण होतं!"

आता तिचाच पुढचा प्रश्न. तिच्या मैत्रिणीने तोंडी परीक्षेत 'आय ॲम नॉट रिमेंबरिंग हिज नेम' म्हटलं तर बाईंनी थांबवलं. मराठीत 'आठवत नाहीये' चालतं, मग तिथे का नाही?

पेनशाई

'नो', 'बिलीव्ह', 'रिमेंबर' ही क्रियापदं चालू काम दाखवत नाहीत, असण्याची अवस्था दाखवतात, म्हणून सहसा 'आयएनजी' घेत नाहीत. 'आय डोन्ट रिमेंबर' किंवा 'आय कान्ट रिमेंबर' म्हणावं. मात्र 'ॲम आय रिमेंबरिंग धिस राइट?' असं इंग्रज लोक म्हणतात. त्या क्षणी ते खरोखर डोक्यात शोधत असतात, म्हणून चालतं.

गवतीचहा

पेनशाई, हे छान सांगितलंत. मराठीत 'आठवत नाही' आणि 'आठवत नाहीये' यात जो जिभेच्या टोकाशी येऊन अडकल्याचा फरक आहे, तो इंग्रजी 'कान्ट' वापरून दाखवतं. 'डोन्ट रिमेंबर' म्हणजे आठवत नाही, विषय संपला. 'कान्ट रिमेंबर' म्हणजे प्रयत्न करतेय, येत नाहीये.

वऱ्हाडीठेचा

तुम्ही पुण्यामुंबईकडचे 'आठवणीत' अडकले. आमच्याकडे 'याद' चालते. "याद ठेवजो बापू", "यादच नाही राह्यली". शाळेत बाई म्हणे 'आठवण' म्हणा, घरी आजी म्हणे 'याद'. दोघी बरोबर.

एक गोष्ट मात्र खरी, 'याद राख' म्हटलं की तिकडच्या माणसालेही धमकीच वाटते. 'आठवण ठेव' म्हटलं की प्रेम. शब्द बदलला की माणूस बदलते.

टपालपेटी

आणि वाण्याकडे नेतो ती 'यादी'ही त्याच 'याद'मधून आली, फारसीतून. लक्षात ठेवायच्या गोष्टींचा कागद. आई पोस्टकार्डाच्या कोऱ्या जागेत वाणसामान लिहायची: तूरडाळ, गूळ, काड्यापेटी. आणि खाली रेघ मारून पुन्हा काड्यापेटी, कारण मी ती हमखास विसरायचो.

मांडवी

गोव्याहून. कोंकणीत आमचा शब्द 'उगडास'. म्हाका तुजो उगडास येता. इथेही 'म्हाका', म्हणजे 'मला', आणि उगडास 'येता'. मराठीत आठवण येते, कोंकणीत उगडास येतो. वहिवाट एकच, शब्द मात्र अगदी वेगळा.

आजी मुंबईला असलेल्या मामाबद्दल म्हणायची, 'उगडास येता.' इंग्रजीत याला 'रिमेंबर' म्हणायचं की 'मिस'?

थेम्सकाठ

मांडवी, इथे 'मिस'. यावरून एक अनुभव लिहिते.

बाबा मला भेटायला इंग्लंडला आले होते, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या काकूंशी त्यांची चांगली गट्टी जमली. दोघंही बागेतले, गुलाबाच्या छाटणीवर तास तास बोलायचे. परत गेल्यावर बाबांनी त्यांना कार्ड पाठवलं. 'आम्हाला रोज तुमची आठवण येते' हे त्यांनी इंग्रजीत लिहिलं, 'वी रिमेंबर यू एव्हरी डे.' काकू कार्ड घेऊन माझ्याकडे आल्या. हसल्या, पण जरा चपापलेल्या होत्या. म्हणाल्या, 'असं तर आम्ही गेलेल्या माणसांबद्दल लिहितो गं.'

त्यांचं खरं होतं. इथे चर्चच्या आवारात युद्धस्मारक आहे, दगडावर गावातल्या पोरांची नावं कोरलेली. ११ नोव्हेंबर १९१८ ला सकाळी ११ वाजता पहिलं महायुद्ध थांबलं, आणि १९१९ पासून त्या वेळेला दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची प्रथा आहे. नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी सगळं गाव छातीला लाल पॉपीचं फूल लावून तिथे जमतं. त्याला 'रिमेंबरन्स' म्हणतात. त्या शब्दात आपली 'आठवण येणे' ही हुरहुर नाही, त्यात 'स्मरण' आहे. हे स्मरण आपोआप येत नाही, ते ठरवून करावं लागतं.

बाबांना 'मिस'चा फरक समजावला तेव्हा ते म्हणाले, "पण 'मिस' म्हणजे तर बस चुकणे!" आणि त्यांच्या इंग्रजीत तेवढंच होतं.

मांडवी

बाबांचं 'बस चुकणे' वाचून डोळ्यांत पाणी आलं. कारण तेही खोटं नाही. माणूस चुकतोच की.

राईनकाठ

जर्मनीहून. इथली तऱ्हा ऐका. 'इश एरिनेरे मिश' म्हणजे 'मला आठवतं', शब्दशः 'मी मला आठवून देतो'. आणि 'एरिनेरे मिश मॉर्गन दारान' म्हणजे 'उद्या मला याची आठवण कर'. 'रिमेंबर' आणि 'रिमाइंड' दोन्हींचं काम एकच क्रियापद करतं. टपालपेटींचे सहकारी इथे जन्मले असते तर चुकलेच नसते. :)

फ्रेंचमध्ये 'सुव्हनीर'. आपण प्रवासातून आणतो ती वस्तूही तीच. मुळात लॅटिनमधला 'खालून वर येणे' असा शब्द. आठवण तिथेही 'येते'.

लिंबलोण

मला व्हॉट्सॲपवर आलं होतं की 'रि-मेंबर' म्हणजे तुटलेले अवयव पुन्हा जोडणे, 'मेंबर' म्हणजे अवयव. किती सुंदर अर्थ आहे! आठवण म्हणजे तुकडे जोडणेच ना.

बोरूवाला

लिंबलोण, कल्पना सुंदर आहे, व्युत्पत्ती मात्र तशी नाही. 'रिमेंबर' आला लॅटिन 'मेमोर'वरून, म्हणजे लक्षात असलेला. 'मेमरी'ही त्यातलीच. सभासद किंवा अवयव या अर्थाचा 'मेंबर' आला 'मेम्ब्रुम'वरून. दोघांचं नातं नाही.

मग 'रिमेंबर'मध्ये 'ब' कुठून आला? फ्रेंचमधून येताना मधला स्वर गळाला, 'म' आणि 'र' शेजारी आले, आणि जीभ तिथे 'ब' घुसवते. 'नुमेरुस'चा 'नंबर' झाला तो असाच. हे आपल्या जिभेनेही केलंय. आम्र शब्दाचा आंबा कसा झाला? ताम्रचं तांबं? 'म' आणि 'र'च्या मध्ये 'ब' शिरला, मग 'र' गेला. 'रिमेंबर'मधला 'ब' आणि आंब्यातला 'ब' एकाच सवयीचे.

उंबरठा

आता आंबा खाताना 'रिमेंबर' आठवणार आणि इंग्रजी बोलताना आंबा.

लिंबलोण

बोरूवाला, पटलं. आंब्याचा दाखला व्हॉट्सॲपच्या अवयवांपेक्षा गोड आहे.

पाठशाळा

इतका वेळ वाचत होतो. संस्कृतबद्दल दोन शब्द, कारण ही बाब पाणिनीने स्वतंत्र सूत्रांनी नोंदवली आहे.

एक, 'अधीगर्थदयेशां कर्मणि'. स्मरणार्थक धातूंचं कर्म षष्ठीत येऊ शकतं. 'मातुः स्मरति', म्हणजे शब्दशः 'आईचं स्मरतो'. आता मराठी पाहा: आईची आठवण येते. आईची! मांडवींच्या कोंकणीत 'तुजो'. ज्याची आठवण होते त्याला 'चा-ची-चे' लावायची ही सवय फार जुनी आहे.

दुसरं सूत्र जास्त विलक्षण, 'अभिज्ञावचने लृट्'. 'आठवतं का?' असं म्हणून मागची गोष्ट सांगायची तर क्रियापद भविष्यकाळाचं वापरायचं. 'स्मरसि कृष्ण गोकुले वत्स्यामः'. रूप 'राहू' असं, अर्थ मात्र 'कृष्णा, आपण गोकुळात राहत होतो, आठवतं?' 

मी हे शिकवताना दर वेळी थांबायचो. मुलं विचारायची, होऊन गेलेल्याला भविष्यकाळ का? मी त्यांना म्हणायचो, तुमचे आजोबा मित्राशी बोलताना ऐका. 'आठवतं का रे, आपण पहाटे उठणार, विहिरीवर जाणार, काठावरून उड्या मारणार...' मराठी माणूस आठवणी सांगताना आजही 'णार'वर येतो. मग मुलं हसायची, कारण प्रत्येकाच्या घरात असे आजोबा होते.

गवतीचहा

पाठशाळा सर, 'उठणार, जाणार, उड्या मारणार' वाचलं आणि माझे वडील समोर उभे राहिले. हुबेहूब असंच बोलायचे. हे व्याकरणात बसतं असं कधी मनातही आलं नव्हतं.

शुद्धमती

मी वर विरोध केला होता. अजूनही ऐकून शिकणं मला महत्त्वाचं वाटतं. पण धाकट्याला काल विचारलं, 'रिमेंबर टू' आणि 'रिमेंबर डुइंग'मध्ये फरक काय? तो बरोबर वापरतो, पण त्याला सांगता येईना. 'आठवणीने' आणि 'केल्याचं' म्हटल्यावर एका क्षणात म्हणाला, "हां, तेच!" तेव्हा ताईंचं म्हणणं मान्य. वापरायला कान पुरतो, समजावून सांगायला आपली भाषा लागते.

वऱ्हाडीठेचा

एक राह्यलंच. ओळख निघते तेव्हा इंग्रज विचारते 'डू यू रिमेंबर मी?' आपण विचारतो 'ओळखलं का?' शाळेतल्या गुरुजीले वीस वर्षांनं भेटलो तर मी 'मी आठवतो का' असं नाही म्हणत. पाया पडून म्हणतो, "सर, ओळखलं का?" ते चेहरा पाहतात, मग बापाचं नाव घेतात.

टपालपेटी

आणि 'रिमेंबर मी टू युअर पेरेंट्स' म्हणजे 'आईबाबांना माझा नमस्कार सांग'. तिथे 'आठवण सांग' म्हणून चालत नाही. 'माझी आठवण सांग' म्हटलं की मराठीत जरा निरोपाचा सूर लागतो.

उंबरठा

उचकी कुणीच काढली नाही! कुणीतरी आठवण काढली की उचकी लागते. एकेकाचं नाव घ्यायचं, ज्याच्या नावावर थांबली त्याने काढलेली. याला इंग्रजीत काय म्हणाल?

थेम्सकाठ

उचकीचा इथे पत्ताच नाही. कुणी पाठीमागे बोलत असलं तर कान गरम होतात म्हणतात. पण ते बोलण्याबद्दल आहे, आठवण काढण्याबद्दल नाही.

माजघर

धागा कुठल्या कुठे गेला आणि मला सगळा आवडला. मूळ प्रश्नाचं काय झालं ते सांगते.

गवतीचहाताईंनी सांगितल्यासारखं तिला 'लावल्याचं' बोटाने दाखवलं. तिने मान डोलावली, पण मला वाटलं अजून पक्कं झालं नाही. काल रात्री झालं.

माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. रात्री जेवणानंतर त्यांची रक्तदाबाची गोळी असते. अलीकडे त्यांना गोळी घेतली की नाही ते सांगता येत नाही. अर्ध्या तासाने विचारतात, "मी गोळी घेतली का गं?" मागे एकदा दोनदा घेतली गेली आणि आम्ही घाबरलो. तेव्हापासून त्यांनी स्वतःच एक युक्ती काढली. गोळी एका छोट्या स्टीलच्या वाटीत काढून पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवायची, आणि घेतली की वाटी उपडी करायची. वाटी उपडी दिसली की गोळी पोटात गेली.

काल त्यांनी पुन्हा विचारलं. मी काही बोलायच्या आत मुलगी उठली, वाटी पाहून आली आणि म्हणाली, "घेतलीस आजी, वाटी उपडी आहे." मग माझ्याकडे वळली, जरा विचार केला, आणि म्हणाली,

"आई, आजी गोळी आठवणीने घेते. घेतल्याचं तिला आठवत नाही. शी रिमेंबर्स टू टेक इट, बट शी डझन्ट रिमेंबर टेकिंग इट."

मी पटकन काही बोलू शकले नाही. वही काढून तिने ते लिहूनही ठेवलं.

पेनशाई

या वाक्याला पैकीच्या पैकी. माझ्या नियमापेक्षा हजारपट चांगलं. आजींना नमस्कार सांगा.

गवतीचहा

माजघर, लेकीला माझा आशीर्वाद. पुन्हा वर्गावर उभी राहिले असते तर हेच वाक्य फळ्यावर लिहिलं असतं.

उंबरठा

माजघर, वाटी उपडी करायची युक्ती आत्ताच आईला फोनवर सांगितली. तिचंही गोळ्यांचं असंच होतं. म्हणाली, "वाटी नको, माझा चष्म्याचा डबा आहे, तो उलटा ठेवीन." सकाळी विचारते, ठेवला का.